लेकी आल्या का?

दोन हजार एकोणीस साल. मला अडुसष्ट संपून एकोणसत्तरावं लागलं होतं. त्या साली येळवसेच्या दुसऱ्या दिवशी नदीवर, पाखरांच्या तिथं, मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावकीत नाही, देवापुढं नाही. देवापुढं तर ती गोष्ट मनात येऊ देत नाही — उगं हात जोडतो अन् वळतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच सांगता येईल असं वाटतं. बघू, जमतंय का.

आधी थोडं माझं. तिसरी शिकलो. सही येते, वाचता येतं, लिहिताना काना-मात्रा चुकतात. पण माझ्या शब्दाला गावात वजन आहे. होतं म्हणा. कुणाचं लग्न जमवायचं असो, भावाभावांची वाटणी असो, मला बोलावणं यायचंच. मी एकदा नाही म्हणालो की नाहीच, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक. त्याचा मला लई अभिमान. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? जे सांगणार आहे ते सांगून झाल्यावरही तो जाईल असं वाटत नाही.

आमचं गाव लोह्याच्या अंगाला, मन्याडच्या काठावर. थंडी पडली की वरून आवाज येतो — क्रुर्र, क्रुर्र — आधी आवाज, मग खूप वेळानं आभाळात एक तिरकी रेघ दिसते. करकोचे. राखी अंगाचे, काळ्या मानेचे, कुठल्या कुठल्या बर्फाच्या मुलखातून येतात म्हणे. आमच्या गावातल्या बाया त्यांना करकोचे म्हणत नाहीत. लेकी म्हणतात. दिवाळीच्या पुढंमागं येतात अन् शिमग्याला जातात, म्हणून लेकी. आवाज कानावर पडला की बाई खुरपं खाली ठेवून वर बघणार अन् दुसरीला हाक मारणार, "लेकी आल्या गं!" हरभऱ्यात उतरल्या तर दगड नाही मारायचा, नुसत्या टाळ्या वाजवायच्या. "जा माय, दुसरीकडं जा."

काही वर्षांखाली सरकारनं दोन गावं पलीकडं, जिथं नदीचं पाणी पसरतं तिथं, पाटी लावली. पक्षी अभयारण्य. लोखंडी मनोरा उभा केला, सिमेंटची बाकडी टाकली, फाटकावर एक गार्ड बसवला. नांदेडहून, लातूरहून लोक गाड्या करून यायला लागले, गळ्यात दुर्बिणी अडकवून. आम्हाला हसू यायचं. ज्यांना आम्ही टाळ्या वाजवून हाकलतो त्यांना बघायला हे पेट्रोल जाळतात!

माझी सोजर मात्र हसायची नाही. म्हणायची, "एक डाव मलाबी न्या की. रानात उडताना बघितल्या, पाण्यात उभ्या राहिलेल्या कधी बघितल्या न्हाईत." मी म्हणायचो, नेऊ. तिचे गुडघे गेले तरी मी नेऊच म्हणत होतो.

बघा, तुम्हाला पाखरं दाखवत बसलो. सांगायचं आहे ते पाखरांचं नाही.

लेक आम्हाला एकच. अनिता. पोरगा नाही, ह्याचं लोकांनाच लई दुःख होतं, मला नव्हतं. मी पोरीला शिकवून दाखवली. नांदेडला डी. एड. केलं तिनं, उदगीरच्या शाळेत लागली, तिथलंच घर बघून दिली. मग तिनं अन् जावयानं नवं घर बांधलं अन् वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. ज्वारीचं पोतं, लेकीला लुगडं, जावयाला पोशाख, नातीला वाळे — कशाची कसर ठेवली नाही.

आमच्याकडं रीत अशी की लेकीच्या वास्तूला बाप आला की आधी त्याला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, धोतर-फेट्याचा पुरा आहेर करायचा. बाकी पाव्हण्यारावळ्यांना टॉवेल-टोपी. टॉवेल-टोपी म्हणजे काय — आलात, बरं झालं, जेवून जा. तेवढंच.

मी मांडवात बसलो होतो. जावयाचा कुणी चुलतभाऊ टोपलं घेऊन ओळीनं येत होता. त्यानं माझ्या मांडीवर टॉवेल-टोपी ठेवली अन् पुढं सरकला. तोंडाकडंसुद्धा बघितलं नाही. समोर जावयाच्या ऑफिसातल्या साहेबाला फेटा बांधून राहिले होते.

अनिताला कळलं तशी ती पळत आली. "आबा, गडबडीत राहिलं हो. आन् आता असलं कोण धरतंय?"

"मी धरतो," मी म्हणालो.

बायकांच्या पंगतीत जाऊन सोजरला दंडाला धरून उठवलं. अर्धी पोळी ताटात राहिली. तिचा हात उष्टाच होता, एस. टी. सुटली तरी तिनं तो पुसला नव्हता. निघताना उंबऱ्यात अनिताला म्हणालो, "तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई, न् माझ्या उंबऱ्याला तुझा." ती माझीच पोर. रडली नाही. म्हणाली, "बरं."

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो. एवढ्यावरून. तीन वर्षं.

ह्या तीन वर्षांत मायलेकी बोलत होत्या, ते मला माहीत होतं. शेजारच्या शेवंताच्या मोबाईलवर. सोजर ताक मागायला म्हणून जायची अन् डोळे पुसत यायची, ताक विसरून. मी कधी हटकलं नाही. हे मी माझ्या मोठेपणात धरत होतो! पण त्या दिवाळीनंतर शेवंता सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेली अन् तिच्यासंगं मोबाईलही गेला. घरात एकच मोबाईल उरला — माझ्या खिशातला.

येळवस दोन दिवसांवर आली होती. मी तुरीत होतो. मोबाईल वाजला.

"आबा, मी अनिता."

"बोल."

"मायचे गुडघे कसे हायत?"

"हायत."

 मग ती म्हणाली, "रविवारी मी नदीवर येणार हाय. पाखरं बघायला. लेकरालाबी आणते. मायला तिथं घेऊन या."

"घर काय पडलं का?" मी म्हणालो.

आता खरं सांगतो. हे म्हणजे मी तिला घरी ये म्हणालो होतो. माझ्या तोंडून ह्यापेक्षा सरळ निघतच नाही. तिला ते कळलं नाही — का कळूनही तिला सरळच ऐकायचं होतं? पोर माझ्यावर गेलेली.

"घरी न्हाई. तुम्हीच सांगितलंय. नदी काय कुणाच्या बापाची न्हाई, तिथं येते." मग आवाज जरा उतरला. "तुम्ही मायला सोडून फाटकापाशी थांबलात तरी चालंल."

फाटकापाशी! टमटमवाल्यासारखं! तीन वर्षांनी पोरीचा आवाज ऐकला होता. तिनं नुसतं म्हणायचं होतं, आबा, तुम्हीबी या. एवढे तीन शब्द. मी वाट बघत होतो, मोबाईल कानाला गच्च दाबून. ते शब्द आले नाहीत.

"विचारतो तिला," मी म्हणालो अन् बंद केला.

विचारलं नाही.

विसरलो का? नाही. त्या संध्याकाळी सोजर चुलीपुढं बसून शेंगा भाजत होती, मी समोर बसून खात होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. सांगायला किती वेळ लागतो? मी नुसता बघत राहिलो तिच्याकडं. मला वाटत होतं — मला काय वाटत होतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं की ती गोष्ट माझ्याकडं होती, त्या दोघींकडं नव्हती, अन् मला ते बरं वाटत होतं.

येळवस तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. रानात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, अन् सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायचं. त्या साली आमच्या कोपीत आम्ही दोघंच. भावकीशी बांधावरून वाकडं होतं, अन् हाक मारायची ती मी मारत नव्हतो. सोजरनं मात्र पातेलंभर भज्जी केली होती. "कोण खाणार एवढी?" मी विचारलं. म्हणाली, "कुणी आलंच तर."

दुपारी डोक्यावरून पाखरांची माळ गेली. तिनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "लेकी चालल्या बगा नदीला." तेव्हा तरी सांगायचं! माझ्या तोंडात घास होता. घास गिळला तरी बोललो नाही.

संध्याकाळी पुन्हा मोबाईल वाजला. मी बांधावर लांब गेलो.

"काय म्हणाली माय?"

आता इथं थांबतो जरा.

मी म्हणालो, "न्हाई म्हणाली. ज्या पोरीनं बापाला टॉवेल-टोपीवर बोळवलं तिचं तोंड बघायचं न्हाई म्हणाली."

असं म्हणालो मी. सोजरच्या तोंडी घालून. बोलताना मागं कोपीतून तिच्या भांडी आवरण्याचा आवाज येत होता.

 वाटलं, तिनं मोबाईल बंद केला असेल. मग अनिता म्हणाली, "तरीबी मी येते. तिला सांगा, दिवस मावळेपस्तोर बसन. आली तर आली."

रविवारी मी सोजरला म्हणालो, एक म्हैस बघून येतो. अन् नदीवर गेलो. का गेलो? तुम्हीच सांगा, माणूस अशा ठिकाणी का जातो? मी मनाशी म्हणत होतो, खरंच येते का बघू. मनाशीही माणूस किती खोटं बोलतो.

फाटकातून नाही गेलो. रानातल्या पायवाटेनं पलीकडच्या अंगाला उतरलो अन् बाभळींच्या आड बसलो. मध्ये पाणी. पाण्यात पाखरंच पाखरं. अर्धी एका पायावर उभी, अर्धी हळूहळू चालणारी, नव्या नवरीसारखी. पलीकडच्या काठावर मनोरा, चहाची टपरी, अन् बाकड्यावर एक निळं लुगडं. लांबून माणूस ओळखू येत नव्हतं. पण मला ओळखू आलं.

माझ्या बाजूलाही एक जण होता. लातूरचे कुणी निवृत्त मास्तर, डोक्यावर टोपडं, तीन पायांवर मोठी दुर्बीण लावून बसलेले. मला बघून खूश झाले. त्यांना वाटलं, हा म्हातारा गडी पाखरांसाठी पायवाट तुडवत आलाय.

"या आजोबा, या. डोळा लावा इथं. डोळ्यामागं पांढरा तुरा दिसतो का बघा."

मी डोळा लावला. तुरा दिसला. लाल डोळा दिसला. मग मी ती दुर्बीण जराशी ढकलली — काठाकडं, बाकड्याकडं.

अनिता माझ्यापुढं येऊन बसली. हात लांब केला तर गालाला लागेल अशी. कानाजवळ पांढरे केस आले होते तिच्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. नात मांडीवर टेकून बोरं खात होती. मी शेवटची बघितली तेव्हा तिला धड चालता येत नव्हतं, अन् आता बोरांच्या बिया पाण्यात लांब फेकत होती. समोर शेकड्यांनी पाखरं उभी असताना अनिता पाण्याकडं बघत नव्हती. मान वळवून फाटकाच्या रस्त्याकडं बघत होती. रस्त्यावर धूळ उठली की उभी राहायची. गाडी जवळ आली की बसायची.

"दिसला का तुरा?" मास्तरांनी विचारलं.

"दिसला," मी म्हणालो.

"सुंदर आहे की नाही?"

"हाव."

घरून टमटम करून सोजरला आणायला किती वेळ लागला असता? सकाळ होती, दुपार झाली, ऊन कललं. प्रत्येक वेळी मी म्हणत होतो, आता उठतो. अन् प्रत्येक वेळी वाटायचं — आता गेलो तर सांगावं लागेल की आधी का नाही आलो. आणखी थोडं बसलो की आणखी थोडं सांगावं लागेल. असा मी बसत गेलो. मास्तरांनी आपल्या डब्यातली चपाती दिली, ती खाल्ली. पाखरांची नावं सांगितली, ती ऐकली. दुर्बिणीला पुन्हा डोळा लावायला सांगितला, तो मात्र नाही लावला.

दिवस मावळायला टेकला तसं निळं लुगडं उठलं. नात झोपली होती, तिला खांद्यावर घेतलं. जीपचं दार वाजलं, ते पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं. पाखरं जराशी हलली अन् पुन्हा उभी राहिली.

घरी आलो तेव्हा सोजर भाकरी थापत होती. धोतराला सगळी कुसळं लागलेली. म्हैस बघायला गेलेल्या माणसाला एवढी कुसळं कुठली? तिनं एकदा धोतराकडं बघितलं, अन् हसून विचारलं,

"नदीवर गेल्ता वाटतं. लेकी आल्या का?"

मी म्हणालो, "आली व्हती."

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या नाही आलं. ती पाखरांचं विचारत होती. आल्या का, म्हणाली होती ती. मी म्हणालो, आली. एका अक्षराचा फरक. मी आधीच म्हणालो की काना-मात्रा माझ्या चुकतात.

तिचा हात परातीत थांबला. "आली? कोण आली?"

तेव्हा अजून सगळं नीट करता आलं असतं. अनिताची जीप उदगीरला पोचलीसुद्धा नसेल. मोबाईल माझ्या खिशात होता. एक बटण दाबून तिच्या कानाला लावायचा होता, बस. त्याऐवजी मी धोतराची कुसळं काढत खाली बसलो अन् म्हणालो,

"तुझी लेक. पाखरं बघायला आली व्हती, जीप करून. फोन आल्ता तिचा. म्या म्हणालो, मायला भेटून जा. म्हणाली, टाइम न्हाई."

आधी लेकीला सांगितलं, माय नको म्हणते. आता मायला सांगितलं, लेकीला वेळ नाही. दोन्हीकडून दार लावून घेतलं अन् मधे मी एकटा उभा राहिलो. कशासाठी? एका टोपीसाठी? आता मला टोपीसुद्धा आठवत नाही कुठल्या रंगाची होती.

सोजरनं तव्यावरची भाकरी उलटली, पदरानं तोंड पुसलं. खूप वेळानं विचारलं, "लेकराला आणलं व्हतं का?"

"म्या कुठं बघितलं?" मी म्हणालो.

अन् मी बघितलं होतं हो. बोरं खाताना बघितलं होतं.

तिनं मला वाढलं. मी जेवलो. चूल विझवताना, माझ्याकडं पाठ करून, म्हणाली, "उद्या मला नेता का तिथं? पाखरं तरी बघते."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शिवरात्रीच्या आधीच गेली, झोपेतल्या झोपेत. कुणाला काही सांगायला वेळ झाला नाही. शेवंता अजून पुण्यातच होती. अनिता मातीला आली. उंबरा ओलांडून आत आली अन् कुणाला काही आठवलंसुद्धा नाही, मला आठवलं. तेरवी झाल्यावर मायची दोन जुनी लुगडी गोधडीसाठी म्हणून घेतली अन् गेली. आता दिवाळीला मोबाईल करते. जेवला का विचारते. तिला अजून वाटतं की मायला तिचं तोंड बघायचं नव्हतं. मला तिनं त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

संपलं असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही इथंच संपवायचं होतं. पण सगळ्यात वाईट ते राहिलंय. ती दुसरी सकाळ.

उजाडताच टमटम सांगितली. पोतं अंथरून, वर गोधडी टाकून सोजरला बसवलं. तिनं येळवसेचंच लुगडं नेसलं होतं. वाटेत भेटेल त्याला टमटमवाला ओरडून सांगत होता, "म्हातारा म्हातारीला हनिमूनला घेऊन चाललाय!" लोक हसत होते, मीही हसलो. सोजर बाहेर बघत होती.

फाटकावरचा गार्ड पोरसवदा होता. धावत येऊन त्यानं सोजरला हात दिला. म्हणाला, "आजोबा, मानलं तुम्हाला. लोकं आपल्या पोराबाळांनाबी आणत न्हाईत, तुम्ही ह्या वयात आज्जीला घेऊन आलात." आमचा फोटो काढला त्यानं. मी फेटा सारखा केला फोटोसाठी. खरंच केला.

तिला बाकड्यावर बसवलं. कोणत्या, ते तुम्हाला कळलंच असेल. पाण्याजवळ तेवढं एकच होतं. खाली बोरांच्या दोन-चार बिया पडल्या होत्या. मी चपलेनं सारल्या. पाखरं नुकतीच जागी होत होती, पाण्यावर धूर उठावा तसं धुकं. सोजर म्हणाली, "केवढ्या गं बाई!" अन् बघत राहिली.

मी चहा आणायला टपरीवर गेलो. टपरी काही लांब नव्हती, चार पावलं. चहावाली बाई स्टोला पंप मारता मारता माझ्या खांद्यावरून बाकड्याकडं बघत होती.

"बाबा, ती माय उदगीरच्या मॅडमची का हो?"

मी खिशातले सुटे पैसे मोजायला लागलो.

"न्हाई, तोंड तसंच दिसतंय म्हणून विचारलं. काल मॅडम बसल्या व्हत्या दिवसभर. माझी माय येणार हाय म्हणून राहिल्या. दिवस मावळला तरी कुणी आलं न्हाई, मलाच कसंतरी वाटलं बगा." तिनं फळीवरून एक स्टीलचा डबा काढला, फडक्यात बांधलेला. "हे ठिवून गेल्या. शेंगापोळ्या हायत, टिकतेत म्हणल्या. कधीबी आली तर द्या. त्यांचीच का ही?"

तिनं डबा माझ्यापुढं धरला होता. हात पुढं केला असता तर हातात आला असता.

"न्हाई," मी म्हणालो. "आमाला लेक न्हाई."

असं म्हणालो मी. मोठ्यानं म्हणालो, माझा आवाज मुळातच मोठा. बाकडं चार पावलांवर होतं. सोजरचे गुडघे गेले होते, कान नाही.

बाईनं डबा परत फळीवर ठेवला. म्हणाली, "असू द्या. तोंडासारखं तोंड असतं कधी कधी."

मी दोन्ही कप घेऊन बाकड्यापाशी आलो. सोजरनं मागं वळून बघितलं नव्हतं. पाण्याकडंच बघत होती. मी कप पुढं केला, तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, अन् जागा द्यायला जराशी सरकली.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. अन् चहा पिलो.